डिझेल इंजिनात इंधन नेमके केव्हा सोडावे?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की ज्वलन सुरू होते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेली हवाच इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. म्हणून येथे इंधन सोडण्याच्या क्षणाला फार महत्त्व आहे. तो क्षण ठरविणे म्हणजेच पंपाचे ‘टायमिंग’ लावणे.

१९७३ साली निघालेल्या ‘मर्सिडीज २४० डी’ या जर्मन मोटारीचे उदाहरण घेऊ. हिच्या सिलिंडरात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे एकविसाव्या भागात दाबली जाते. हवेचे आरंभीचे तापमान ३०० केल्व्हिन धरले आणि उष्णता बाहेर जात नाही असे मानले, तर ३०० ला २१ च्या ०.४ व्या घाताने गुणावे. उत्तर सुमारे १०१० केल्व्हिन येते. प्रत्यक्षात थोडी उष्णता भिंतींतून निसटते, तरी उरलेली डिझेल पेटण्यास पुरेशी असते.

या इंजिनात दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वी, क्रँक २४ अंश मागे असतानाच, पंप इंधन ढकलू लागतो. इतक्या लवकर का? नळीतील दाब वाढणे, फवारा उडणे, थेंबांची वाफ होऊन ती पेटणे, या सर्वांस वेळ लागतो. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १८,००० अंश. तेव्हा २४ अंशांना जेमतेम १.३ मिलिसेकंद मिळतात! वेग वाढला की आणखी आधी सुरुवात हवी. ते काम केंद्रोत्सारी वजनांची यंत्रणा करते.

इंधन फार लवकर सोडले तर दट्ट्या वर चढत असतानाच दाब भडकतो. इंजिन ठोके देते आणि दट्ट्या व बेअरिंग यांवर घातक ताण येतो. उशीर झाला तर शक्ती घटते, धूर वाढतो.

हा क्षण ओळखण्याची युक्ती सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पंपाच्या पहिल्या भागातील निर्गम झडप व तिची स्प्रिंग काढतात आणि तेथे वाकडी नळी बसवितात. हातपंपाने इंधन दिले की ते नळीतून वाहते. मग क्रँक तिच्या नेहमीच्या दिशेनेच हळूहळू फिरवितात. उलट फिरविल्यास साखळीतील ढिलाईमुळे मापन चुकते. पंपातील दट्ट्या इंधनाचे छिद्र बंद करतो तेव्हा धार थांबून थेंब पडू लागतात. त्या वेळी पुढच्या चाकावरील खूण २४ अंश दाखवावयास हवी.

समजा, खूण २० अंश दाखवते. म्हणजे ४ अंश उशीर. पंपाचा दंड क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून पंपाचे कवच २ अंशच, दंडाच्या फिरण्याच्या उलट दिशेने, वळवावयाचे. मग बोल्ट आवळून मोजणी पुन्हा करावयाची.

एक सावधगिरी: चालू इंजिनाच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाने सुटलेले इंधन त्वचा भेदून आत शिरते.

आता तुम्ही सांगा: मिनिटाला ७५० फेऱ्या असताना २४ अंशांना किती वेळ मिळेल?