घोड्याच्या अंगावरची तकाकी: कुवेतमध्ये खर्च किती, कशावर?

कबदच्या जाखूरमध्ये (जनावरांच्या वाड्यात) स्वतःचा घोडा ठेवणारे असोत, की मुलांच्या रपेटीसाठी तबेल्यातला घोडा महिन्याच्या कराराने घेणारे असोत, उन्हाळा सरला की तक्रार एकच ऐकू येते. अंगाची तुकतुकी गेली, काळा घोडा तांबूस दिसू लागला, त्वचेवरून कोंडा सुटतो, आयाळ खरखरीत झाली. मग दुकानदार ‘तकाकी आणणारी’ बाटली पुढे करतो. ती विकत घेण्याआधी खालचा हिशोब मांडून पाहा. घोड्याला जे हवे असते त्यातले बरेचसे किराणा दुकानातच मिळते.

नेमके काय कमी पडते?

चरणारा घोडा हिरव्या गवतातून भरपूर ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 स्निग्धाम्ले मिळवतो. गवत कापून वाळवले की दोन्ही मोठ्या प्रमाणात घटतात. कुवेतमध्ये कुरण नाही. घोडा बारा महिने वाळक्या वैरणीवर असतो आणि त्या वैरणीतली बरीचशी जहाजाने आलेली असते. त्यात इथली उष्णता. 21 जुलै 2016 रोजी मित्रिबा इथे 53.9 अंश सेल्सियसची नोंद झाली होती. घोड्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षाही खारट असतो. तो अंगावर वाळला की केस निस्तेज होतात आणि शरीरातले मीठही जाते.

उन्हाने विटलेला केस मात्र कोणत्याही खुराकाने पुन्हा काळा होत नाही. नवा केस येईल तेव्हाच रंग बदलेल. म्हणून खुराक बदलायला जानेवारी-फेब्रुवारी हे महिने चांगले. केस झडून नवे येण्याच्या सुमाराला पोषण मिळाले तर फरक दिसतो. त्यासाठी किमान 6 ते 8 आठवडे थांबावे लागते. दहा दिवसांत चमत्काराची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आधी वजन, मग खरेदी

सगळी मापे वजनावर ठरतात, आणि ते साध्या टेपने काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 170 आणि लांबी 160 असेल तर वजन येते सुमारे 390 किलो. मध्यम बांध्याचा अरबी घोडा याच आसपास असतो. पुढचे आकडे 400 किलोच्या घोड्यासाठी धरले आहेत.

वैरण: पहिला दिनार इथे

रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे 6 ते 8 किलो वाळकी वैरण लागते. त्यात दीड-दोन किलो लसूणघास असावा. स्थानिक लोक त्याला ‘जत’ किंवा ‘बरसीम’ म्हणतात. केस जवळजवळ सगळा प्रथिनांचाच बनलेला असतो आणि लसूणघासात प्रथिने व कॅल्शियम दोन्ही मुबलक असतात. पण स्वस्त पडतो म्हणून फक्त तोच घालू नका. निम्म्याहून जास्त आहार लसूणघासाचा असेल तर आतड्यात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि अरबी जातीत तो अधिक आढळतो.

अल-राईच्या बाजारातून गठ्ठा घेताना किंमत गठ्ठ्याला नव्हे, किलोला किती पडते ते पाहा. वजनकाटा सोबत न्या. गठ्ठा उकलून मुठीत घ्या, वास घ्या. हिरवट रंग आणि गोडसर वास हवा. धूळ उडाली, बुरशीचा कुबट वास आला, पाने झडून नुसत्या काड्या उरल्या असतील तर स्वस्तातला गठ्ठाही महाग.

वैरण वाळूवर टाकू नका. गव्हाणीत द्या किंवा खाली रबरी चटई घाला. पोटात साचलेली वाळू हे पोटदुखीचे कारण असते आणि तिचा इलाज सगळ्या खुराकापेक्षा महाग पडतो.

जवस, तेल आणि ई जीवनसत्त्व

जवस, म्हणजे आपली अळशी, हा तकाकीसाठीचा सर्वांत स्वस्त उपाय. त्यात सुमारे 40 टक्के तेल असते आणि त्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या 2002 सालच्या एका छोट्या प्रयोगात, चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी असलेल्या घोड्यांना जवस दिल्यावर त्वचेची प्रतिक्रिया कमी झाल्याचे दिसले. घोडे फक्त 6 होते, त्यामुळे हा पक्का पुरावा नाही. तरी खाज असलेल्या घोड्याला जवस देऊन पाहायला हरकत नाही.

रोज 100 ते 120 ग्रॅम जवस कोरडे दळून चंदीत मिसळा. सुरुवात 30 ग्रॅमने करा आणि दोन आठवड्यांत पूर्ण मापावर या. कुवेतच्या उन्हात दळलेले जवस लवकर खवट होते, म्हणून तीन-चार दिवसांपुरतेच दळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. ते भारतीय किराणा दुकानात मिळते. मुबारकियाच्या मसाले बाजारात ‘बिझ्र कत्तान’ म्हणून मागा.

मक्याच्या तेलानेही अंग चमकते, पण त्यात प्रामुख्याने ओमेगा-6 असते. घोडा हडकुळाही असेल तरच रोज 60 मिलिलिटर द्या. जाडजूड घोड्याला तेल नको.

ई जीवनसत्त्व रोज 800 ते 1,000 युनिट. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ लिहिलेले घ्या, ते अंगी जास्त लागते. दोन डब्यांची तुलना किमतीवर करू नका. हजार युनिटांना किती फिल्स पडतात ते काढा.

मीठ, तांबे, जस्त

साधे मीठ थंडीत रोज 25 ग्रॅम, घाम गाळणाऱ्या दिवसांत 50 ग्रॅम, आणि सोबत सावलीतले भरपूर पाणी. नुसत्या चाटण-विटेवर भागत नाही, मीठ चंदीत मिसळा.

रोज किमान 80 मिलिग्रॅम तांबे आणि 320 मिलिग्रॅम जस्त लागते. नुसत्या वैरणीतून ते बहुधा पुरेसे मिळत नाही. घोड्यांसाठीचे एकच संतुलित खनिज मिश्रण निवडा आणि त्याच्या वेष्टनावर रोजच्या मापात हे दोन आकडे किती येतात ते वाचा. दोन-तीन मिश्रणे एकत्र देऊ नका. त्यातले सेलेनियम प्रमाणाबाहेर गेले तर आयाळ-शेपटीचे केस गळतात, खुरांना तडे जातात. एप्रिल 2009 मध्ये फ्लोरिडात 21 पोलो घोडे सेलेनियमचे माप चुकलेल्या औषधी मिश्रणाने दगावले.

महिन्याचा हिशोब

खालचे भाव फक्त पद्धत समजावी म्हणून धरले आहेत. तुमच्या दुकानातले भाव त्या जागी घाला.

- जवस: 120 ग्रॅम × 30 दिवस = 3.6 किलो. किलोला 1 दिनार धरल्यास 3.600 दिनार.
- मीठ: 50 ग्रॅम × 30 = 1.5 किलो. किलोला 150 फिल्स धरल्यास 225 फिल्स.
- ई जीवनसत्त्व: दोन महिन्यांचा डबा 15 दिनारांना धरल्यास महिन्याला 7.500 दिनार.
- खनिज मिश्रण: दोन महिन्यांचा डबा 24 दिनारांना धरल्यास महिन्याला 12 दिनार.

एकूण 23.325 दिनार. आता तकाकीची बाटली: 1 लिटर, भाव 14 दिनार, माप रोज 60 मिलिलिटर असे धरू. ती सोळा दिवसांत संपते. महिन्याला 1.8 लिटर, म्हणजे 25.200 दिनार. अशा बऱ्याच बाटल्यांत मुख्य घटक तेलच असतो. लिटरला 1 दिनार धरला तर तेवढेच मक्याचे तेल 1.800 दिनारांत येते. घटकांची यादी वाचा. पहिले नाव तेलाचे असेल तर बाटली परत ठेवा.

गव्हाचा कोंडाही बेतानेच द्या. त्यात कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट फॉस्फरस असतो. स्वस्त म्हणून रोज बादलीभर कोंडा देत राहिल्यास हाडे कमकुवत होतात.

खुराकाने जे सुटत नाही

खरारा फुकट आहे. रोज वीस मिनिटे खरारा केला की त्वचेतले तेल केसांवर पसरते आणि मेलेले केस निघतात. फेरीनंतर घाम नुसत्या पाण्याने धुवा. रोज शाम्पू लावल्याने ते तेल निघून जाते. खरारा-ब्रश प्रत्येक घोड्याचा वेगळा ठेवा, कारण गजकर्ण ब्रशवरून पसरतो आणि माणसालाही होतो.

आठ आठवड्यांत फरक नसेल तर नवा डबा नको, पशुवैद्य हवा. लीद तपासून जंतांची अंडी मोजायला सांगा, दात पाहायला सांगा. म्हातारा घोडा उन्हाळ्यातही लांब, कुरळे केस टाकत नसेल तर ते अंतःस्रावाच्या आजाराचे लक्षण असू शकते. त्यासाठी रक्ततपासणी लागते.

तबेल्याशी करार करताना

महिन्याच्या भाड्यात वैरण किती किलो, कोणती, दिवसातून किती वेळा? मीठ आणि जंताचे औषध त्यात धरले आहे का? तुम्ही आणलेला खुराक मोतद्दार मापून देईल का? उत्तरे लेखी घ्या. मोतद्दाराला तोंडी ‘थोडे’ सांगू नका. रोजची पुडी बांधून वर तारीख लिहून द्या, म्हणजे संध्याकाळी वेगळ्याच माणसाने चंदी दिली तरी माप चुकणार नाही.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा: चांगली वैरण, मीठ-पाणी, लीद-दात तपासणी, जवस, ई जीवनसत्त्व, खनिज मिश्रण. तकाकीची बाटली या यादीत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळच्या उन्हात घोड्याचा एकाच बाजूने फोटो काढून ठेवा. तीन फोटो शेजारी ठेवलेत की कोणता दिनार कामी आला ते तुम्हालाच दिसेल.