शस्त्रक्रियागृहातील जंतुसंसर्गास आळा : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला भंडारा जिल्हा भातशेतीचा व तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालय, तुमसर व साकोली येथील उपजिल्हा रुग्णालये आणि ठिकठिकाणची ग्रामीण रुग्णालये यांवर येथील शेतकरी व मजूर कुटुंबे अवलंबून आहेत. सिझेरियन प्रसूती, स्त्री नसबंदी, मोतीबिंदू, हर्निया तसेच हत्तीरोगामुळे होणारी अंडवृद्धी या नित्याच्या शस्त्रक्रिया होत. त्या कठीण समजल्या जात नाहीत. परंतु जखमेत जंतूंचा शिरकाव झाल्यास साधी शस्त्रक्रियाही जिवावर बेतू शकते.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षास आग लागून दहा बालके मृत्युमुखी पडली. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश देण्यात आले. आग डोळ्यांना दिसते. जंतुसंसर्ग दिसत नाही. रुग्ण घरी गेल्यावर चार-आठ दिवसांनी टाक्यांत पू होतो आणि त्याची नोंद बहुधा कोठेच होत नाही. म्हणून या न दिसणाऱ्या धोक्याची तपासणी तितक्याच काटेकोरपणे होणे अगत्याचे आहे.

जंतू कोठून येतात?

शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतू मुख्यतः पाच मार्गांनी पोहोचतात : रुग्णाची स्वतःची त्वचा, शस्त्रक्रिया करणाऱ्यांचे हात, हत्यारे व कापड, वापरात येणारे पाणी व द्रावणे, आणि खोलीतील हवा. यांपैकी हातांचे महत्त्व प्रथम सिद्ध केले ते व्हिएन्ना येथील डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी. १८४७ साली त्यांनी प्रसूतिकक्षातील डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास भाग पाडले. एप्रिलमध्ये शेकडा १८ च्या घरात असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा २ वर आले. पुढे १८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लाचा उपयोग सुरू केला, आणि १८७९ साली पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शाँबरलाँ यांनी दाबाखालील वाफेचे निर्जंतुकीकरण यंत्र, म्हणजेच ऑटोक्लेव्ह, तयार केले. आजही शस्त्रक्रियागृहाची शिस्त याच पायावर उभी आहे.

वाफ, दाब आणि वेळ

पाणी उकळून हत्यारे निर्जंतुक होतात हा समज अपुरा आहे. धनुर्वातासारख्या रोगांच्या जंतूंची बीजे उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांचा नाश करण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये दर चौरस इंचास १५ पौंड दाब व १२१ अंश सेल्सिअस तापमान लागते. उघडी हत्यारे २० मिनिटे व कापडात गुंडाळलेली ३० मिनिटे ठेवावी लागतात. ही वेळ यंत्र सुरू केल्यापासून नव्हे, तर आवश्यक तापमान व दाब आल्यापासून मोजावयाची असते. मध्येच वीज गेल्यास संपूर्ण प्रक्रिया पहिल्यापासून करणे भाग आहे. ड्रम ठासून भरल्यास वाफ आतपर्यंत पोहोचत नाही, आणि ओलसर निघालेले कापड निर्जंतुक मानता येत नाही. ड्रमवरील दर्शक पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढेच समजते. जंतू खरोखर मेले की नाही हे पाहण्यासाठी जंतुबीजांची चाचणी ठरावीक काळाने करावी लागते. त्यापूर्वी हत्यारांवरील रक्त घासून धुतलेले असले पाहिजे, कारण वाळलेल्या रक्ताखाली जंतू सुरक्षित राहतात.

घाई आणि संख्या

ग्रामीण भागात ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नसबंदीत दुर्बिणीचा वापर होतो. दोन शस्त्रक्रियांच्या दरम्यान ही दुर्बीण २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात २० मिनिटे बुडवून, नंतर निर्जंतुक पाण्याने धुवावी लागते. म्हणूनच एका दुर्बिणीने दिवसाला १० आणि तीन दुर्बिणी असल्यास एका पथकाने जास्तीत जास्त ३० शस्त्रक्रिया कराव्यात, अशी मर्यादा शासकीय मानकांत घालण्यात आली. ही मर्यादा कागदी नसून २० मिनिटांच्या हिशेबातून आलेली आहे.

ती ओलांडली गेल्याचे भीषण उदाहरण शेजारच्या छत्तीसगडमध्ये घडले. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूर जिल्ह्यातील एका शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने ८३ स्त्रियांवर काही तासांत शस्त्रक्रिया केल्या; त्यांपैकी १३ जणी दगावल्या. मृत्यूचे कारण जंतुसंसर्ग की दूषित औषध, यावर मतभेद झाले; तथापि मर्यादेचा भंग निर्विवाद होता. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याच्या दृष्टीने निर्देश दिले. त्यापूर्वी १९८६ साली उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील नेत्रशिबिरात ८४ जणांचे शस्त्रक्रिया केलेले डोळे कायमचे निकामी झाले होते. तेथे डोळ्यांसाठी वापरलेले सलाइनच दूषित असल्याचे तज्ज्ञांच्या चौकशीत दिसून आले. एक दूषित बाटली सर्व रुग्णांपर्यंत पोहोचते, हा त्यातील धडा होय.

औषध हा शिस्तीला पर्याय नव्हे

जंतुनाशक इंजेक्शने दिली की पुरे, अशी समजूत अनेकदा आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिलेल्या शिफारशींनुसार, जेथे आवश्यक असेल तेथे हे औषध चिरा देण्यापूर्वी दोन तासांच्या आत द्यावे. शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंध म्हणून ते दिवसेंदिवस चालू ठेवू नये. तसे केल्याने संसर्ग टळत नाही, उलट औषधाला दाद न देणारे जंतू वाढीस लागतात. शस्त्रक्रियेच्या जागेवरील केस वस्तऱ्याने काढू नयेत, कारण बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. दारे बंद ठेवणे, आत मोजकीच माणसे असणे व फरशी ओल्या फडक्याने पुसणे या साध्या गोष्टी अधिक परिणामकारक ठरतात. फॉर्मेलिनची धुरी दिल्याने या दैनंदिन स्वच्छतेची उणीव भरून निघत नाही.

गावाची जबाबदारी

अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत शस्त्रक्रिया झालेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ११ जणांना जखमेचा संसर्ग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. असा संसर्ग ३० दिवसांपर्यंत केव्हाही उद्भवू शकतो. म्हणजे बहुतेक वेळा रुग्ण गावी परतल्यावर. रोवणीच्या दिवसांत टाके सुकण्यापूर्वीच स्त्रिया बांधीतील चिखलात उतरतात, हेही लक्षात घ्यावयास हवे. नवजात बालकाच्या भेटीसाठी आशा स्वयंसेविका ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी जातात. त्याच वेळी मातेच्या जखमेची लाली, सूज, पू व ताप यांची चौकशी करून रुग्णालयास कळविल्यास खरी संख्या हाती येईल.

रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधींनाही स्थान असते. या सदस्यांनी प्रत्येक बैठकीत चार प्रश्न विचारावेत : ऑटोक्लेव्हची नोंदवही रोज भरली जाते काय? जंतुबीजांची चाचणी केव्हा झाली? हात धुण्यास वाहते पाणी अखंड मिळते काय? गेल्या महिन्यात किती जखमा चिघळल्या? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘एकही नाही’ असे आल्यास समाधान मानण्यापूर्वी ती संख्या कोणी व कशी मोजली हे विचारावे. संसर्ग मोजणे म्हणजे दोष शोधणे नव्हे. नोंद करणाऱ्या परिचारिकेस शिक्षेची भीती वाटू लागली तर नोंद थांबते, संसर्ग मात्र चालूच राहतो.