डिकीतला बेस : पाऊण इंचाचा हिशोब

आमचा धंदा कापडाचा, आणि आज लिहायला घेतले आहे मोटारीच्या डिकीत बसणाऱ्या सबवूफरविषयी. वाचक बंधूंना नवल वाटेल, पण त्याला कारण आहे. या स्पीकरच्या लाकडी पेटीवर जे जाड, केसाळ, काळे किंवा राखाडी कापड चिकटवलेले असते, ज्याला बाजारात नीडल पंच म्हणतात, ते आम्ही काही वर्षांपासून कार डेकोरवाल्यांना आणि पेट्या करणाऱ्या सुतारांना देत आलो आहोत. कापड उधारीवर जाते. पेटी परत आली की आमची उधारीही अडकते. म्हणून पेटीचे पुढे काय होते हे आम्हाला पाहावेच लागते.

आमच्या ओळखीचे एक सुतार आहेत. फर्निचरच्या कामात हात बसलेला माणूस. एका दुकानदाराने त्यांना दहा पेट्यांची ऑर्डर दिली. चिठ्ठीवर लिहिले होते, दहा इंची स्पीकर, १८ मिलिमीटर एमडीएफ, एक घनफूट. त्यांनी बाहेरून १२ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच अशा दहा पेट्या केल्या. सांधे असे की नख जाणार नाही. आठ दिवसांत दहाही पेट्या परत आल्या. दुकानदाराचे म्हणणे, आवाज नुसता ढबढब येतो, खालचा बेस लागतच नाही. सुतारांचे म्हणणे, फूट गुणिले फूट गुणिले फूट म्हणजे एक घनफूट, यात माझे काय चुकले? फळी गेली, मजुरी गेली, आमचे कापड गेले. दोघांपैकी कोणीही बेइमान नव्हता. चूक पाऊण इंचाची होती.

१८ मिलिमीटरची फळी म्हणजे जवळजवळ पाऊण इंच. ती दोन्ही बाजूंनी लागते, म्हणजे प्रत्येक मापातून दीड इंच गेला. आत उरले साडेदहा बाय साडेदहा बाय साडेदहा. गुणाकार केला तर सुमारे ११५८ घन इंच. एक घनफूट म्हणजे १७२८ घन इंच. भागाकार करा, उत्तर येते ०.६७. चिठ्ठीत एक घनफूट हवा मागितली होती, दिली गेली दोन-तृतीयांश. बाकीची जागा फळीने खाल्ली. शाळेत आम्ही याला मुकअब फूट म्हणत असू आणि पाठ करून विसरून जात असू. पुढे कधी उधारीच्या वसुलीत ते कामाला येईल असे वाटले नव्हते. कापडवाल्याला ही गोष्ट लवकर समजते. थानावरचे मीटर वेगळे आणि धुतल्यानंतरचे मीटर वेगळे. गिऱ्हाईक धुतल्यानंतरचे मीटर अंगावर घालते. पेटीतही बाहेरचे माप डिकीत बसते, पण आवाज देते ते आतले माप.

हवा ही स्प्रिंग आहे

पेटी लागतेच कशाला, हे आधी समजून घेतले पाहिजे. स्पीकरचा कागद किंवा कोन पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडा ठेवला तर पुढची हवा कडेने मागे जाते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. बारीक आवाजात हे फारसे होत नाही, कारण त्या लाटा आखूड असतात. पण ४० हर्ट्‌झची लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे छोट्या मोटारीच्या दुपटीहून जास्त. तिला मागे वळायला वेळ लागत नाही. म्हणून मागची लाट पेटीत कोंडायची.

दुसरे काम याहून महत्त्वाचे. कोंडलेली हवा कोनाला स्प्रिंगसारखी मागे खेचते. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी याच हवेच्या गादीवर आधारलेला छोट्या बंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. त्यापूर्वी खोल आवाजासाठी कपाटाएवढ्या पेट्या लागत. पुढे १९६१ साली ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी आणि त्यानंतर १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचे गणित असे पक्के बसवून दिले की आज स्पीकरसोबतच्या कागदावर जे आकडे येतात ते त्या दोघांच्या नावाने ओळखले जातात. तो कागद बहुतेक दुकानात खोक्याबरोबर कचऱ्यात जातो. सुताराने दुकानदाराकडून पहिल्यांदा मागायची वस्तू तीच.

पेटी लहान झाली की हवेची स्प्रिंग कडक होते. खालचा आवाज निघत नाही आणि वरच्या एका ठिकाणी आवाज फुगतो, त्यालाच गिऱ्हाईक ढबढब म्हणते. फार मोठी झाली की स्प्रिंग ढिली पडते आणि जोराने वाजवल्यावर कोन मर्यादेबाहेर धावून कॉइल खराब होते. बारा इंची स्पीकरला बंद पेटी साधारण एक ते सव्वा घनफुटाची लागते. पण हा अंदाज आहे, शेवटचा शब्द त्या कागदाचा.

आता हिशोब उलट्या बाजूने करू. बाहेरून १६ बाय १४ बाय १२ इंचांची पेटी घेतली तर आत १४.५ बाय १२.५ बाय १०.५ राहतात. गुणाकार १९०३ घन इंच, म्हणजे १.१ घनफूट. त्यातून स्पीकरचे चुंबक आणि आतले आडवे टेकू यांची जागा वजा केली की एक घनफुटाच्या आसपास उरते. डिकीत सीटच्या पाठीला चिकटणारी पेटी तिरकी असते. तिथे वरची आणि खालची खोली यांची बेरीज करून निम्मी करायची आणि तेच खोलीचे माप धरायचे.

नळीची किंवा भोकाची पेटी हा निराळा प्रकार. ती मोठी लागते, बारा इंचाला दोन घनफुटांच्या आसपास, आणि त्याच ताकदीवर जास्त मोठा आवाज देते. पण नळीची लांबी पेटीच्या आतल्या हवेवर अवलंबून असते, ती डोळ्याने ठरत नाही. शिवाय नळीच्या नेमक्या सुराखाली कोनाला आवरायला हवा राहत नाही, म्हणून तिथे सबसॉनिक फिल्टर असलेला अॅम्प्लिफायर हवा. नवीन कारागिराने आधी पंचवीस बंद पेट्या कराव्यात आणि मग नळीकडे वळावे, असे आमचे मत आहे. मोटारीची बंद केबिन स्वतःच अगदी खालचा आवाज वाढवते. त्यामुळे जी बंद पेटी घरात कमी वाटते ती गाडीत पुरेशी वाटते.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. उशी आणि रजईत भरतात ती पॉलिएस्टरची रुई बंद पेटीत सैल भरली, घनफुटाला साधारण पाव ते अर्धा किलो, तर तंतू हवेतील उष्णता शोषतात आणि स्पीकरला पेटी आहे त्यापेक्षा थोडी मोठी भासते. परत आलेल्या त्या दहा पेट्यांपैकी काही आम्ही अशा भरून पाहिल्या. आवाज सुधारला, पण एक-तृतीयांश हवेची भर रुईने निघत नाही. शेवटी त्या दुसऱ्या एका दुकानात आठ इंची स्पीकरसाठी कमी भावात गेल्या.

बांधणीविषयी थोडक्यात. एमडीएफच्या काठात स्क्रू मारण्यापूर्वी बारीक भोक पाडावे, नाहीतर फळी चिरते. सांध्याला आधी गोंद, मग स्क्रू, मग आतून सिलिकॉन. सिलिकॉनला आंबट वास येत असेल तर स्पीकर चोवीस तास बसवू नये, ती वाफ त्याच्या कडेला आणि गोंदाला बाधते. हवा गळते की नाही ते पाहायला कोन दोन्ही हातांनी हलकेच दाबून सोडावा. सावकाश वर आला तर पेटी ठीक, झटकन आला तर कुठेतरी फट आहे. एमडीएफची भुकटी छातीला वाईट, तोंडाला मास्क लावल्याशिवाय करवत चालवू देऊ नये. कारखान्यातली पोरे ऐकत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे.

तार आणि फ्यूज

इथे चूक झाली तर माल परत येत नाही, गाडी जळते. आमच्याच गाडीत एका दुकानात हे काम करून घेतले होते. बॅटरीपासून डिकीपर्यंतची तार इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली, रबरी ग्रोमेट नाही, बॅटरीजवळ फ्यूज नाही. हादऱ्यांनी तारेचे प्लास्टिक घासले गेले आणि एके दिवशी डॅशबोर्डखालून धूर निघाला. गाडी उभी होती आणि पाना हाताशी होता, म्हणून बॅटरीचे टोक वेळेवर सुटले.

अॅम्प्लिफायरमध्ये स्वतःचा फ्यूज असतोच, मग दुसरा कशाला, असे पुष्कळ मिस्त्री विचारतात. अॅम्प्लिफायरचा फ्यूज अॅम्प्लिफायरसाठी. बॅटरीपासून मागे येणाऱ्या चार-पाच मीटर तारेचे रक्षण तो करत नाही. तार मध्येच पत्र्याला टेकली तर बॅटरीची सगळी ताकद तिच्यातून वाहते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा.

किती करंट वाहतो तेही पाहा. ३०० वॅट आरएमएसचा चांगला डी वर्गाचा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे ३७५ वॅट खेचतो. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर २७ अँपिअर झाले. दोन ५५ वॅटचे हॅलोजन हेडलाइट मिळून साधारण ८ अँपिअर घेतात. म्हणजे हेडलाइटच्या तिपटीहून जास्त. त्याला ८ गेजची शुद्ध तांब्याची तार लागते. आपल्या बाजारात १० चौरस मिलिमीटरची मागावी, आणि फ्यूज ४० अँपिअरचा. खोक्यावरचा पीएमपीओ किंवा मॅक्सचा आकडा हिशोबात धरू नये, आरएमएस पाहावे.

स्वस्त किटमधील तार बहुधा अॅल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. कापडात आम्ही धागा जाळून सूत की पॉलिएस्टर ते ओळखतो. इथे एक तंतू ब्लेडने खरवडायचा. आत पांढरा चमकला तर अॅल्युमिनियम. ती वापरायचीच असेल तर एक माप जाड घ्यावी आणि बिलावर तसे लिहावे.

अर्थिंगची तार दीड फुटाहून लांब नको. जिथे ती बसवायची तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करावा, थिंबल घट्ट कसावे आणि वरून पुन्हा रंग द्यावा, नाहीतर कोकणच्या हवेत वर्षभरात गंज चढतो. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे. पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या पुष्कळ गाड्यांत तिथेच असतात. करंटची तार एका बाजूने आणि आवाजाची तार दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे इंजिनची शिट्टी स्पीकरमध्ये येत नाही.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मोठी पेटी नको म्हणून सांगावे. व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचला पाहिजे, आणि टाकीजवळ भोक पाडणे किंवा ठिणगी उडू देणे म्हणजे जिवाशी खेळ. अशा गाडीला सीटखाली बसणारा छोटा तयार सबवूफर द्यावा. नफा कमी मिळेल. विजेवरच्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबलला कोणत्याही कारणाने हात लावू नये.

पेटी पट्ट्याने किंवा कोनपट्टीने बांधलीच पाहिजे. वीस किलोची पेटी जोराच्या ब्रेकला मागच्या सीटवर येते आणि तिथे कोणाची तरी मुले बसलेली असतात.

गाडी देताना

अॅम्प्लिफायरवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे गिऱ्हाईकालाही सांगावे. फिल्टर ८० हर्ट्‌झला ठेवून सुरुवात करावी. स्पीकरची अधिक-उणे बाजू ओळखायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला क्षणभर लावले की कोन बाहेर यायला हवा. दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले तर बेस वाढण्याऐवजी नाहीसा होतो आणि दोष मात्र पेटीवर येतो. स्पीकर फाटला म्हणून परत आलेल्या गाड्यांत आधी नंबरप्लेट हाताने दाबून पाहावी. अनेकदा तीच थरथरत असते. मागे फेल्टची पट्टी लावली की तक्रार मिटते, आणि ती पट्टी आमच्याकडे कापडाच्या तुकड्यांत फुकट मिळते.

विम्याचेही सांगावे. कंपनीने न बसवलेले असे सामान विम्यात किमतीसह नोंदवून वेगळा हप्ता भरला तरच त्याची भरपाई मागता येते, म्हणून पक्के बिल द्यावे. आवाजाचे नियम सन २००० पासून आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल.

आता मजुरी. पेटीचा भाव फळीच्या फुटावर लावण्याची रीत आमच्या मते चुकीची आहे. फळी कोणीही कापतो. आतल्या हवेचा हिशोब, तिरक्या डिकीचे माप आणि स्टेपनी निघेल अशी रचना यांचे पैसे वेगळे आहेत आणि ते मागताना लाजू नये. आमचे ते सुतार आता चिठ्ठीवर दोन ओळी छापून घेतात, एक बाहेरच्या मापाची, एक आतल्या घनफुटाची, आणि खाली दुकानदाराची सही. कापड चढवण्यापूर्वी पेटीच्या पाठीवर मार्करने आतले घनफूट, स्पीकरचे नाव आणि तारीख लिहितात. वर्षा-दोन वर्षांनी स्पीकर बदलायला गाडी आली की कापडाचा एक कोपरा उचलतात, आकडा वाचतात आणि त्याच पेटीत कोणता स्पीकर चालेल ते उभ्या उभ्या सांगतात.