वेदना : शरीराचा पहारेकरी



खेळताना पडूनही न रडणाऱ्या मुलाला आपण धीट म्हणतो. पण टाचेत खिळा रुतला आणि मोजा रक्ताने भिजेपर्यंत त्याला कळलेच नाही, तर ते धैर्य नव्हे. ते आजाराचे लक्षण असू शकते.

स्पर्श, उष्णता व वेदना यांचे संदेश मज्जातंतू मेंदूकडे नेतात. पावलांकडे जाणारे तंतू सर्वांत लांब असतात. त्यांच्या टोकापर्यंत पोषण पोहोचवणे पेशींना अवघड जाते. म्हणून अनेक मज्जाविकारांत बधिरपणा आधी पावलांत येतो, नंतर हातांत.

मधुमेह व कुष्ठरोग ही बधिरपणाची कारणे आपल्या परिचयाची आहेत. तिसरे कारण आनुवंशिक असते. फ्रान्सचे शार्को व मारी आणि इंग्लंडचे टूथ यांनी 1886 मध्ये अशा एका विकाराचे वर्णन केले. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात तळव्याची कमान उंच होते, घोटा कमजोर होतो व संवेदना मंदावते. त्याच्या नेहमीच्या प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एकाला विकार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 50 टक्के असते.

दुसरा विकार फार दुर्मिळ आहे. त्यात मुलाला जन्मापासून वेदना कळत नाही व घामही येत नाही. दात आले की ते स्वतःची जीभ चावते. घाम नसल्याने अंग तापते. हैदराबादचा मे महिना अशा मुलाला धोक्याचाच. हा विकार होण्यासाठी सदोष जनुक आई व वडील दोघांकडून यावे लागते. ते दोघे स्वतः निरोगी असतात, पण प्रत्येक अपत्याला 25 टक्के धोका राहतो.

पालकांनी येथे विचार करावा. दक्षिणेत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जुनी आहे. एकाच घराण्यातील दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याचा संभव वाढतो. घरात असा आजार असेल, तर लग्नाआधी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आपल्याच शहरात निम्स रुग्णालय व उप्पल येथील सीडीएफडी या संस्थेत या विषयाचे तज्ज्ञ आहेत. यात दोष ना आईचा, ना पूर्वजन्मीच्या कर्माचा.

हे विकार मुळापासून बरे करणारे औषध अद्याप नाही. मग काहीच करता येत नाही का? येते. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत दाखवून दिले की बोटे आपोआप झडत नाहीत. न कळलेल्या जखमा त्यांचा नाश करतात. जखम टाळली की बोट वाचते. हाच धडा येथेही लागू पडतो. जेथे वेदना पहारा देत नाही, तेथे डोळ्यांनी पहारा द्यावा. रोज रात्री तळवे पाहावेत, बूट झटकून घालावेत, आंघोळीचे पाणी दुसऱ्याने तपासावे, अनवाणी चालू नये.

आणि मित्रांनो, आनुवंशिक विकार संसर्गजन्य नसतो. अशा मित्राला वेगळ्या बाकावर बसवू नका. त्याला लागलेले आधी तुम्हाला दिसेल. लगेच बाईंना सांगा.

करून पाहा : दोन पेन्सिलींची टोके एक सेंटिमीटर अंतरावर धरा. डोळे मिटलेल्या मित्राच्या बोटाला व नंतर पाठीला ती हलकेच एकदम टेकवा. टोके दोन की एक, ते विचारा. उत्तरे वेगळी का आली, ते वहीत लिहा.