चव्हाट्यावरील देव आणि दियाबल

वाचन : निर्गम २०:१६, नीतिसूत्रें १८:१७, याकोब १:१३-१४

भाटघरच्या धरणाभोंवतींच्या डोंगरवाटांनीं रात्रीं चालणारा मनुष्य वाट चुकला, म्हणजे त्यास चकवा लागला असें लोक म्हणतात. तिठ्यावर उतारा टाकलेला दिसला, तर पुष्कळ जण तो ओलांडावयास भितात. जेथें वाटा फुटतात तेथें मनुष्याचें मन कचरतें. दूरच्या देशांतही असेंच आहे.

पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोक चव्हाट्यावर एशू नांवाच्या देवाचें ठाणें मानितात. एशू हा देवांचा निरोप्या. तो मनुष्यांचीं अर्पणें वर पोंचवितो, आणि मनुष्यांस ठकवितोही. अशी कथा आहे कीं, दोन जिवलग मित्रांचीं शेतें एका वाटेच्या दोन बाजूंस होतीं. एशू एका अंगास काळी व दुसऱ्या अंगास पांढरी अशी टोपी घालून मधून चालत गेला. एक म्हणाला, टोपी काळी. दुसरा म्हणाला, पांढरी. शब्दानें शब्द वाढला व मैत्री तुटली. दोघेही खरें बोलत होते, परंतु अर्धेंच.

या लोकांतील सॅम्युएल अजायी क्राउथर यांस इ. स. १८२१ मध्यें बालपणींच गुलाम करून नेलें होतें. तेच १८६४ मध्यें बिशप झाले. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या योरुबा शास्त्रांत दियाबलासाठीं 'एशू' हाच शब्द घातला गेला. त्यामुळें देवांचा निरोप्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडीं नरकाचा धनी झाला. आज कित्येक योरुबा विद्वान म्हणतात कीं, हा न्याय नव्हे. आपल्या मराठी शास्त्रांत मात्र 'सैतान' हा शब्द मूळ इब्री व 'दियाबल' हा मूळ ग्रीक आहे. वेताळाचें किंवा म्हसोबाचें नांव तेथें घातलेलें नाहीं.

यावरून आम्हांस तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

१. दियाबल या शब्दाचा मूळ अर्थ खोटा आरोप करणारा असा आहे. आम्ही एशूची किंवा म्हसोबाची पूजा करीत नाहीं, करणारही नाहीं. परंतु शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयीं न विचारतां भलतेंच बोलणें म्हणजे दियाबलाचेंच काम करणें होय.

२. मोहाचा दोष चकव्यावर घालूं नये. प्रत्येक जण आपल्याच वासनेनें ओढला जातो, असें याकोब शिकवितो.

३. बांधाच्या तंट्यांत पहिल्याचें बोलणें खरें वाटतें; दुसऱ्याचें ऐकल्यावांचून पंचांनीं निकाल देऊं नये. वाट ओलांडून पलीकडून टोपी पाहावी.

मंडळीनें विचार करावा : ज्याच्याशीं आमचा अबोला आहे, त्याच्या बाजूस उभे राहून आम्हीं कधीं पाहिलें आहे काय?