जुनी मोटार, नवा बांबू



जुन्या मोटारींचे वेड असलेली माणसे बहुतेक गावांत भेटतात. फियाट दिसली की ती थांबतात. ॲम्बॅसडरचा आवाज लांबूनच ओळखतात. तुमच्यापैकीही काहींना ही आवड असेल. या आवडीला मोजपट्टीची जोड दिली, तर तिच्यातून उत्तम अभ्यास घडतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचे उदाहरण घ्या. त्यांनी १९४९ साली ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. रस्त्याचे धक्के शोषून घेण्यासाठी त्यांनी रबराचा उपयोग केला. मीरा बाजारात कधीच आली नाही. पण मोटार आवडणे आणि मोटार समजणे यांतील अंतर त्यांनी ओलांडले होते.

आपण खरी मोटार बांधणार नाही. आपण जुन्या मोटारीची बांबूची प्रतिकृती करू. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत बांबूची वाण नाही आणि तो हाताळणारे कुशल बुरूडही आहेत. मात्र जंगलात जाऊन स्वतः बांबू तोडू नका. तो बुरुडाकडून किंवा ग्रामसभेकडून घ्या. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला आपल्या जंगलातील बांबू विकण्याचा हक्क २०११ मध्ये प्रत्यक्ष मिळाला, तो मोठ्या प्रयत्नांनंतर.

आधी मोजमाप

हे काम लवकर का करावे? कारण या मोटारी नाहीशा होत आहेत. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईची ओळख झालेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तुमच्या गावात गोठ्याशेजारी उभी असलेली मोटारही एखाद्या दिवशी भंगारात जाईल. त्याआधी मालकाची परवानगी घेऊन ती मोजा. लांबी, रुंदी, पुढच्या व मागच्या आसांतील अंतर, चाकांचा व्यास हे सारे वहीत लिहा. छताची उंची मोजताना ओळंबा वापरा. मोटारीखाली मात्र कधीही शिरू नका.

पद्मिनीची लांबी सुमारे ३.९३ मीटर आणि दोन आसांतील अंतर सुमारे २.३४ मीटर. एकास दहा हे प्रमाण घेतले, तर प्रतिकृतीची लांबी ३९ सेंटिमीटर आणि आसांतील अंतर २३.४ सेंटिमीटर होईल.

लहान केल्यावर काय बदलते?

पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो. त्याच पदार्थांची, पण दहापट लहान मोटार केली, तर तिचे वजन ९० किलो होईल का? नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहापट कमी झाल्या, म्हणून घनफळ हजारपट कमी झाले. वजन फक्त ९०० ग्रॅम! पण भार पेलणाऱ्या दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच कमी होते. म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रत्येक एककावर पडणारा भार मूळ मोटारीच्या एकदशांशच राहतो.

म्हणूनच तुमची प्रतिकृती हातातून पडली तरी सहसा मोडणार नाही. त्यावरून ‘बांबूची खरी मोटारही अशीच टिकेल’ असा निष्कर्ष काढू नका. वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये बांबूचा २०० मीटर लांबीचा संरक्षक कठडा बसवला गेला. लहान नमुन्यावर विसंबणे तेथे धोक्याचे ठरले असते. पीथमपूरच्या मोटार-चाचणी केंद्रात त्याची आधी परीक्षा घेण्यात आली. रस्त्यावरील माणसांचे प्राण अशा हिशेबावर अवलंबून असतात.

वळताना चाके काय करतात?

धुळीच्या मोकळ्या जागेत मालकाला मोटार सावकाश गोल फिरवायला सांगा आणि लांब उभे राहून पाहा. मागच्या चाकांचे ठसे पुढच्या चाकांच्या ठशांच्या आत पडलेले दिसतील. आता कागदावर आकृती काढा. वळणाच्या वर्तुळाचा मध्य मागच्या आसाच्या रेषेवर, आतल्या मागच्या चाकापासून ४ मीटरवर आहे असे माना. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.२ मीटर धरा. चाक घसरू नये म्हणून ते मध्याकडे जाणाऱ्या रेषेशी काटकोनात असले पाहिजे. कोनमापकाने पाहिले तर आतले पुढचे चाक सुमारे ३० अंशांनी आणि बाहेरचे सुमारे २४ अंशांनी वळवावे लागेल.

दोन्ही चाके सारखीच वळवली, तर टायर घासत जातील. यावरचा उपाय म्यूनिकचा गाडी बनवणारा कारागीर लँकेनस्पेर्गर याने १८१७ च्या सुमारास घोडागाडीसाठी शोधला. पुढच्या चाकांना जोडलेले छोटे दांडे किंचित आत झुकवायचे, इतके की त्यांच्या रेषा मागे वाढवल्यास मागच्या आसाच्या मध्याजवळ मिळाव्यात. प्रतिकृतीत दांडे तसेच बसवा. आपल्या बैलबंडीला ही अडचण नसते. तिला दोनच चाके, आणि ती स्वतंत्र फिरतात.

बांबूची पाठ आणि पोट

सांगाड्यासाठी मानवेल चांगला. त्यात पोकळी कमी असते. छताच्या आणि चाकांवरील पंख्यांच्या गोलाईसाठी कामट्या भिजवा, मंद आचेवर शेका आणि हळूहळू वाकवा. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बांबूचे तंतू सालीकडे अधिक दाट असतात, म्हणून सालीची बाजू, म्हणजे पाठ, बाहेर ठेवा. बुरूड हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्यांच्याजवळ तासभर बसा. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. कोयता मात्र मोठ्यांच्या देखरेखीखालीच वापरा.

प्रतिकृती पूर्ण झाली की मोजमापांची वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. मोटार भंगारात गेली, प्रतिकृतीला भुंगेरे लागले, तरी त्या आकड्यांवरून पुढचा विद्यार्थी ती पुन्हा बांधू शकेल.

स्वाध्याय

१. पद्मिनीची एकास पाच प्रमाणातील, त्याच पदार्थांची प्रतिकृती किती वजनाची होईल?

२. वळणाचा मध्य ४ ऐवजी ८ मीटरवर घेतल्यास दोन्ही चाकांच्या कोनांतील फरक वाढेल की कमी होईल? आकृती काढून पाहा.