मुक्काम लांबतो तेव्हा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली, की घरची माणसे शल्यविशारदास पहिला प्रश्न रोगाविषयी क्वचितच विचारतात. 'किती दिवस राहावे लागेल?' हाच तो प्रश्न असतो, आणि आमच्या पाटण खोऱ्यात तो विशेष निकडीने विचारला जातो, कारण येथील कित्येक घरांतील कर्ते पुरुष मुंबईस माथाडीच्या कामावर असून मुकादमाकडून मुदतीची रजा घेऊन आलेले असतात, आणि गावी राहिलेल्यांच्या मागे भाताची कामे उभी असतात. आमच्या घरातील आबांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मला 'आठवडाभर' असे उत्तर मिळाले. उत्तर रास्तच होते. मात्र सारे सुरळीत पार पडल्यास, ही त्यातील अट उच्चारली गेली नव्हती.

रोगग्रस्त भाग काढून आतड्याची दोन टोके जोडण्यात आली. आरंभीचे दिवस उत्तम गेले. आबा उठून बसू लागले, पाण्याचे घोट घेऊ लागले, आणि आम्ही गावी निरोपही धाडला. त्यानंतर नाडी अकारण जलद चालू लागली, अंगात कणकण भरली, पोट फुगले आणि वारा सरेना. स्कॅन झाल्यावर कळले, की आतड्याचा जोड गळत आहे. पुन्हा शस्त्रक्रिया, पोटावर मळाची पिशवी, अतिदक्षता विभाग, असा मुक्काम लांबत गेला. हा जोड गळण्याचा प्रकार पुष्कळदा पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे नातेवाईक सामान बांधू लागतात नेमक्या त्याच वेळी, उघडकीस येतो, आणि तो कसबी हातांच्या शस्त्रक्रियेनंतरही होतो. म्हणून गुंतागुंत झाली एवढ्यावरून कोणावर हलगर्जीचा आरोप ठेवणे मला न्याय्य वाटत नाही.

दिवस वाढतात ते एका कारणाने वाढून थांबत नाहीत. जोड गळल्यामुळे अन्न बंद होते, अन्न बंद झाल्याने शक्ती क्षीण होते, शक्ती क्षीण झाल्याने जखम भरत नाही व तीत पू धरतो. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, आणि पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचे भय असते ते वेगळेच. २००४ साली डिंडो, क्लाव्हियेन प्रभृती शल्यवैद्यांनी गुंतागुंतींची प्रतवारी प्रसिद्ध केली, ती गुंतागुंतीच्या नावावरून नव्हे तर तिच्यासाठी कराव्या लागणाऱ्या उपायावरून: औषधाने भागते की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, की अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. नातेवाइकांनीही डॉक्टरांना हेच विचारावे. मुक्कामाचा अंदाज त्यातून अधिक खरा मिळतो.

आपल्या हाती असते ते बहुतांशी आधीच करावयाचे असते. तंबाखू आणि मशेरी किमान चार आठवडे आधी सुटली पाहिजे. आमच्याकडील वृद्ध स्त्रिया मशेरीला व्यसन मानावयास तयार नसतात, हे इथे मुद्दाम सांगतो. मधुमेह आटोक्यात आणावा, रक्ताची कमतरता भरून काढावी, रोज चालावे. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत शस्त्रक्रियेनंतर रुग्णास शक्य तितक्या लवकर उठवतात, खाऊपिऊ घालतात आणि नळ्या काढतात. 'पडू द्या त्यांना निवांत' असे म्हणत नर्सबाईंशी वाद घालणारी आमची मंडळी मायेपोटी रुग्णाचा मुक्काम वाढवत असतात.

पैशाची तजवीज आठवड्याच्या हिशेबाने करू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेची रक्कम ठरीव असते. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागल्यास काय, हे योजनेच्या आरोग्यमित्राकडून दाखल होतानाच समजून घ्यावे. धर्मादाय रुग्णालयांत सार्वजनिक विश्वस्त संस्थांविषयीच्या राज्याच्या कायद्याच्या कलम ४१ कक अन्वये निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून आधीच काढून ठेवावा, कारण रुग्ण अतिदक्षता विभागात असताना कचेरीत खेटे घालण्यास घरात माणूस उरत नाही. सोबतीला राहणाऱ्यांची पाळीही पहिल्याच दिवशी लावावी. सर्व मुंबईकरांनी एकदम येऊन एकदम परतण्याचा शिरस्ता मोडलेला बरा.

डिस्चार्जची घाई आपण करू नये. पोट फुगणे, ताप, धाप, नाडीची गती आणि जखमेतून येणारे पाणी, यांपैकी काय दिसल्यास त्याच दिवशी परतावे, हे कागदावर लिहून घ्यावे. ढेबेवाडीकडच्या किंवा मोरणेच्या खोऱ्यातल्या आडगावी घर असेल, आणि त्यातही पावसाळा असेल, तर सुटका झाल्यावरही आठ-पंधरा दिवस कऱ्हाडला पाहुण्यांकडे राहावे. रात्री अपरात्री गाडी मिळण्याची खात्री तेथे अधिक.